अ तुकडीची बाई

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या अभ्यासक्रमातून शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर काढून टाकावा आणि ते तास ज्याच्या त्याच्या विषयाला द्यावेत, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. बैठकांत, परिसंवादांत, लग्नाच्या पंगतीत शेजारी शिक्षण खात्यातलं कुणी बसलं तर तिथंसुद्धा. माझं हे मत आता राहिलेलं नाही. जे चारचौघांत मांडलं ते मागेही चारचौघांतच घ्यावं, म्हणून हा लेख. मनातल्या मनात मत बदलून बाहेर जुनंच बोलत राहण्याची सोय पुण्यात पुष्कळांनी करून घेतलेली आहे. मला ती जमत नाही.

जुनी बाजू आधी नीट सांगते, कारण ती अगदीच टाकाऊ नव्हती. मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला पावलॉव्हचा कुत्रा भेटला, थॉर्नडाइकचं पेटीत कोंडलेलं मांजर भेटलं, स्किनरचे उंदीर आणि कबुतरं भेटली, केळ्यासाठी खोके रचणारे कोहलरचे चिंपांझी भेटले. मूल मात्र एकही भेटलं नाही. परीक्षेला प्रश्न ठरलेले: थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियम सोदाहरण स्पष्ट करा. तत्परता, सराव, परिणाम. तीन शब्द लिहिले, प्रत्येकाखाली चार ओळी पाल्हाळ लावलं, की गुण हातात. दुसऱ्या दिवशी सराव पाठ असायचा. पाठ टाचणात हर्बार्टच्या पायऱ्या मांडलेल्या, डाव्या रकान्यात उद्दिष्टं, उजव्यात स्पष्टीकरणं, आणि मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापक फलकलेखन सरळ रेषेत येतं का ते पाहत बसलेले. कालच्या मांजराचा आजच्या पाठाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दुसरं कारण आजूबाजूला चालतं-बोलतं होतं. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या शाळांत गणित-संस्कृत शिकवणारी जी जुनी मंडळी आम्ही पाहिली, त्यांनी मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडल्याचं ऐकिवात नव्हतं. भूमितीचा रायडर फळ्यावर मांडला की वर्ग श्वास रोखून बसायचा. विषय पक्का असला की शिकवणं आपोआप येतं, हे आमच्या पिढीचं ब्रीद. मी त्याच ब्रीदावर माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि निकाल उत्तम लागले.

तिसरं कारण नंतरच्या काळातलं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही. मानसशास्त्राच्या नावाखाली शाळांत काय काय विकलं जातं! प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी, कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी, कुणी हातांनी. शैली ओळखून शिकवा म्हणजे झालं, अशा कार्यशाळा मी बसून ऐकल्या आहेत. २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेमागचं सगळं संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवल्यानं मूल अधिक शिकतं याला पुरेसा आधार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. आपल्याकडे कार्यशाळा चालूच आहेत. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि बुद्धी सांगणारे लोक तर आईबापांकडून हजारो रुपये घेतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. मी म्हणायचे, हेच जर तुमचं मानसशास्त्र असेल तर त्यापेक्षा त्रिकोणमिती बरी.

मग २०१९ चा जून आला. बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक बाजारात आलं आणि त्यात संख्यावाचनाची एक नवी रीत दिसली: सत्तावीस म्हणजे वीस सात, त्रेसष्ट म्हणजे साठ तीन. महाराष्ट्रभर जो गदारोळ झाला तो वाचकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधिमंडळात टोलेबाजी झाली, मोबाइलवर विनोदांचा पूर लोटला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी रीत पुस्तकातून काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत. मराठी संख्यानामांत जोडाक्षरं फार आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलट, म्हणून लहान मुलं अडखळतात. ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. मीही नव्हते. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत सगळ्यात चढा आवाज माझाच होता. पिढ्यान् पिढ्या पोरं सत्तावीस म्हणत आली, त्यांचं काय बिघडलं, हा माझा मुद्दा. आणि तो फार बिनतोड वाटायचा.

त्या सुमारास मी निवृत्त होऊन एका अध्यापक विद्यालयात गणिताचे तास घ्यायला जाऊ लागले होते. तिथल्या छात्राध्यापिका शाळा अनुभवासाठी महापालिकेच्या शाळेत जात आणि त्यांचे पाठ पाहायला मला पाठवत. माध्यमिक शाळेत जन्म काढलेल्या बाईला दुसरीचा वर्ग म्हणजे परमुलुख. वादाची हवा गरम होती, म्हणून एकीनं वर्गाला दोन अंकी संख्यांचं श्रुतलेखन घातलं. सत्तावीस सांगितल्यावर बऱ्याच पाट्यांवर ७२ उमटलं. त्रेसष्ट सांगितलं, ३६. एकोणतीस सांगितलं तर कित्येकांनी ३९ लिहिलं. मी नेहमीसारखी म्हणणारच होते, की ही मुलं लक्ष देत नाहीत. पण एवढी मुलं एकाच पद्धतीनं लक्ष देत नाहीत, हे गणिताच्या बाईला खटकायला हवं, आणि सुदैवानं ते खटकलं. निष्काळजीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. या चुकांना नियम होता. मुलं कानावर आलेल्या क्रमानं लिहीत होती: आधी सात, मग वीस. एकोणतीसमध्ये त्यांना तीस ऐकू येत होतं आणि शेवटी नऊ असतात हे पाठ होतं, म्हणून तीस आणि नऊ. चूक होती, पण त्यामागे विचार होता.

आमच्या विद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी एक तरुण सहकारी होती. तिचा विषय बंद करा असं मी तिच्यासमोरच म्हणत असे, तरी ती माझ्याशी बोलायची, हा तिचा मोठेपणा. तिनं मला वाचायला कागद आणून दिले. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीच्या निघाल्या. चेक भाषेत तर आपल्या त्या पुस्तकासारख्याच दोन्ही रीती नांदतात. तिथं एकाच वयाच्या मुलांना संख्या दोन्ही रीतींनी सांगून पाहिल्या, तेव्हा उलटापालट मुख्यतः उलट्या क्रमाच्या रीतीतच झाली. नॉर्वेनं १९५१ मध्ये संख्या बोलण्याचा क्रम अधिकृतरीत्याच बदलला. तिथं निमित्त शाळेचं नव्हतं, टेलिफोनचे नंबर सांगताना होणाऱ्या घोटाळ्यांचं होतं. आणि तिथंही जुनी रीत लोकांच्या तोंडून अजून गेलेली नाही, हे वाचून मला थोडं बरं वाटलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ‘वीस सात’ मला आजही पटलेलं नाही. भाषेतले शब्द पाठ्यपुस्तकातून बदलू पाहण्याबद्दल माझे आक्षेप आहेत तसेच आहेत, आणि मी नातीला सत्तावीसच म्हणायला लावते. अडचण खरी आहे, एवढंच मानसशास्त्र सांगतं. त्यावर भाषा बदलायची की शिकवण्यात वेळ घालायचा, हे त्याच्या अखत्यारीत येत नाही. पण अडचण खरी आहे हे मला कळायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

उत्तर लाजिरवाणं आहे. मी जन्मभर अ तुकडीला शिकवलं.

पुण्यातल्या नावाजलेल्या शाळांतून शिकलेल्यांना तुकड्यांचा अर्थ समजावून सांगायला नको. पाचवीला गुणांप्रमाणे मुलं अ, ब, क, ड अशी लावायची आणि वरच्या तुकडीला अनुभवी शिक्षक द्यायचे. माझ्यापर्यंत जी मुलं यायची ती आधीच्या प्रत्येक वळणावर टिकून राहिलेली होती. सत्तावीसचा घोळ त्यांनी आईच्या मांडीवर निस्तरलेला, अपूर्णांक वडिलांनी शिकवलेले, आणि उरलंसुरलं क्लासमध्ये. माझं एखादं वाक्य अर्धवट राहिलं तर ती ते स्वतःच पूर्ण करून घेत. मी फळ्यावर उत्तम गणित मांडत असे, यात खोटं काही नाही. पण मांडल्यावर ते मुलाच्या डोक्यात कसं जातं, वाटेत कुठं अडकतं, हे पाहण्याची पाळीच माझ्यावर आली नाही. विषय पक्का असला की शिकवणं आपोआप येतं, या आमच्या ब्रीदामागे ही गाळणी उभी होती. ड तुकडीच्या मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. आम्ही त्यांना विचारत नव्हतो. त्यांचे निकाल कमी लागत.

एकदा हे लक्षात आल्यावर पुण्याच्या शिक्षणविश्वात मानसशास्त्र कोणत्या दारानं आलं, तेही वेगळं दिसू लागलं. शिक्षण प्रसारक मंडळीचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चं. त्याच्या आदल्या वर्षी वा. वि. कामतांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक निघालं होतं. कामतांनी बिनेची चाचणी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बसवली आणि ‘बिने-कामत’ या नावानं ती आजही दवाखान्यांत वापरली जाते. १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते आणि बुद्धिमान मुलं हेरून त्यांना वेगळं घडवावं हा त्यांचा ध्यास होता. ही सगळी कामं मोठीच आहेत. पण त्यातून शहराच्या मनात मानसशास्त्राचा अर्थ ठरून गेला: मूल किती हुशार आहे ते मोजायचं शास्त्र. शिक्षकही तोच प्रश्न विचारायला शिकला. मूल नेमकं कुठं अडलं, हा प्रश्न मागं राहिला. गंमत म्हणजे खुद्द बिनेनं १९०५ साली सिमोनबरोबर पहिली चाचणी बनवली ती हुशारांची निवड करायला नव्हे. पॅरिसच्या शाळांत मागं पडणाऱ्या, वेगळी मदत लागणाऱ्या मुलांना ओळखायला त्यानं ती बनवली होती. आपण चाचणी घेतली आणि हेतू तिथंच ठेवला.

हेतूची आठवण ठेवणारी माणसंही महाराष्ट्रात होती, पण ती पेठांपासून लांब. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांबरोबर जे करत होत्या, त्यात मुलाकडे टक लावून पाहणं हा कामाचा पहिला भाग होता. आम्ही त्यांचे धडे वाचले, त्यांना वंदनीय म्हटलं आणि आमच्या टाचणाच्या रकान्यांकडे परत आलो.

शिक्षकाला मानसशास्त्र नेमकं काय देतं, ते मी आता वजाबाकीच्या एका उदाहरणानं सांगते. ४० वजा १७. एक मुलगा उत्तर लिहितो ३७. शेजारचा लिहितो ३०. माझ्या जुन्या नजरेला दोघंही चुकले, दोघांनाही लाल फुली, दोघांनाही ‘हातच्याची दहा उदाहरणं सोडव’. पण पहिल्याचा नियम असा आहे, की वरखाली जे दोन अंक दिसतात त्यांतल्या मोठ्यातून लहान वजा करायचा. शून्य आणि सात, म्हणजे सात. दुसरा म्हणतो, शून्यात काही नाहीच, तर त्यातून सात जाणार कुठून, म्हणून शून्यच. पहिल्याला वर कोण आणि खाली कोण याचा अर्थच लागलेला नाही. दुसऱ्याला तो लागला आहे, फक्त दशक मोडून सुटे करता येतात हे त्याला ठाऊक नाही. एकाला गोष्टीतून उदाहरण द्यायला हवं, दुसऱ्याच्या हातात काड्यांचा गठ्ठा द्यायला हवा. दोघांनाही दहा उदाहरणं घातली, तर दोघंही आपापला चुकीचा नियम घोटून पक्का करणार. ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतले असे चुकीचे नियम गोळा करून त्यांची जंत्रीच केली होती. मला गणित पुष्कळ येत होतं, तरी ही जंत्री माहीत नव्हती आणि नुसत्या गणितातून ती मला कधी मिळालीही नसती.

हाच प्रकार पुढं दशांश अपूर्णांकांत होतो. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. मूल इथं जुनं ज्ञान नव्या जागी लावतं, इतकंच. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून ‘ढ’ हा शब्द निघायच्या आत त्याच्या मनात दुसरा एखादा प्रश्न उभा राहिला, तर प्रशिक्षण कामी आलं म्हणायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली. पण हात आवरायचा तर हाताऐवजी दुसरं काहीतरी करता यावं लागतं, आणि ते कायद्याच्या कलमात लिहिलेलं नसतं.

स्मरणाच्या बाबतीत तर मला चांगलाच धक्का बसला. परीक्षेआधी ‘पुन्हा पुन्हा वाचा’ हा माझा कायमचा मंत्र. २००६ सालच्या रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढं होते, आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे. म्हणजे मी जन्मभर पाच मिनिटांच्या परीक्षेची तयारी करून घेतली. उलट आमच्या आधीच्या पंतोजींची रोजची तोंडी विचारणा, जिला आम्ही मागासलेली म्हणून नावं ठेवली, ती बरीचशी बरोबर होती. पाढ्यांचंही तेच. पाढे जिभेवर असले की डोक्यातली थोडी जागा पुढच्या पायरीसाठी मोकळी राहते, हे आता मानसशास्त्रच सांगतं. आनंददायी शिक्षणवाल्या माझ्या मित्रांना हे आवडत नाही. त्यांनाही मत बदलायला वाव आहे.

आता पेपरचं काय? २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, बाल्यावस्था आणि अध्ययन यांना त्यात पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दीडशे प्रश्नांत तीस प्रश्न बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात. कागदावर माझा जुना पक्ष केव्हाच हरला आहे. पण अप्पा बळवंत चौकात जाऊन त्या परीक्षेची मार्गदर्शकं चाळा. पियाजेच्या चार अवस्था, त्यांची वयं, खाली चार पर्याय. थॉर्नडाइकचं मांजर जाऊन पियाजेची मुलं आली, पण ती पर्याय ‘क’ मध्ये बसून आहेत. ‘निकट विकास क्षेत्र’ ही संकल्पना कुणाची याला अचूक गोल करणारी मुलगी सत्तावीसचं ७२ पाहून ‘लक्ष कुठंय तुझं?’ असंच विचारते, कारण तिच्या प्रशिक्षणात या दोन गोष्टींची भेट कुणी घडवलेली नाही. जुन्या तक्रारीतला एवढा भाग मी परत घेत नाही. विल्यम जेम्स हा मानसशास्त्रज्ञ १८९९ साली पुस्तकरूपानं निघालेल्या, शिक्षकांसाठीच्या व्याख्यानांतच सांगून गेला, की मानसशास्त्राच्या नियमांवरून वर्गातलं शिकवणं सरळ काढता येईल असं समजू नका. मधला सांधा शिक्षकाला स्वतःच जुळवावा लागतो. तो जुळवायला शिकवणं, हे आमच्यासारख्यांचं काम.

म्हणून सध्या त्या तरुण सहकारी बाईंबरोबर मी एक खटाटोप करते आहे. शाळा अनुभवाला गेलेल्या प्रत्येकीनं टाचणाबरोबर मुलांच्या वह्यांतली चुकलेली उत्तरं उतरवून आणायची. वर्गात आम्ही ती फळ्यावर मांडतो आणि एकच प्रश्न विचारतो: या मुलानं कोणता नियम वापरला असेल? उत्तर सुचलं तर त्या मुलाला दुसरं उदाहरण घालून ते पडताळून यायचं. पियाजे, वायगॉट्स्की आणि इतर मंडळी लागतील तशी मधे येतात. दोन तासांत वजाबाकीची जेमतेम पाच उत्तरं होतात. अभ्यासक्रम मागं पडतो आणि प्राचार्यांची तक्रार रास्त आहे: एका तुकडीत पन्नास छात्राध्यापक, प्रत्येकाच्या वह्या तपासणार कोण, आणि वार्षिक परीक्षेत याला आदर्श उत्तर काय द्यायचं? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काही वेळा फळ्यावरच्या चुकीलाही नसतं. मागच्या खेपेला एकीनं ३४ अधिक १८ चं उत्तर ७ असं आणलं. सगळा वर्ग, त्या बाई आणि मी डोकं लावून बसलो, आणि कुणालाच काही सुचलं नाही. तिला म्हटलं, उद्या त्या मुलीलाच विचारून ये.